बाभळीवरचा हळद्या

उकंडरावांनी दीड वर्षात एकही पाखरू पाहिलं नव्हतं, आणि तरी रोज पहाटे ते लोणारच्या तळ्यावर लोकांना पाखरं दाखवत होते. काचबिंदूनं डावा डोळा पुरता नेला होता, उजव्यात धुरकट उजेड तेवढा उरला होता. पण कान शाबूत होते आणि बावीस वर्षांची वाट पायांना पाठ होती. आवाज आला की ते बोट करत, रंग सांगत, नर की मादी तेही सांगत. कुणाला दुर्बिणीत सापडलं नाही, तर "उडालं पाहा" म्हणून मोकळे होत.

फाल्गुन सरत आला होता. वाटाड्याचा परवाना दर मार्चात नवा व्हायचा. यंदा सही करण्याआधी वनरक्षक प्राची स्वतः पर्यटकांच्या सोबत आली होती. परवाना गेला तर दुसरं काही काम उकंडरावांना येत नव्हतं.

"काका, आज मी पाहुणी."

"पाहुणी काऊन? पोरगीच हायेस माही."

उतार उतरताना पाण्यातून टिबुकली बोलली, झाडातून तांबट बोलला. त्यांनी दोन्ही बरोबर दाखवले. तेवढ्यात एक पर्यटक गुपचूप पुढं गेला. हळद्या पक्ष्याला बोलवायला त्यानं मोबाईलवर त्या पक्ष्याचीच शीळ लावली आणि मोबाईल बाभळीच्या फांदीला अडकवला. सगळ्यांनी ते पाहिलं.

"थांबा!" उकंडराव कुजबुजले. "त्या बाभळीवर. हळद्या! पिवळाधमक नर, शेंगाईत बसून राह्यला."

सगळे खो-खो हसले.

"काका, भारी! माझ्या मोबाईललाच नर केलंत!"

उकंडरावांना फसगत कळली. पण लगेच तेही हसले. "मंग? इतकी गोड शीळ मादी थोडीच घालते!"

हसणं आणखी वाढलं. वाचलो, असं त्यांना वाटलं. फक्त प्राचीचं हसू ऐकू आलं नाही.

पर्यटक काठाकडं गेल्यावर ती जवळ आली.

"काका, मागच्या महिन्यात त्या पर्यटक बाई इथं घसरल्या. खुबा मोडला. तुम्ही दोन पावलांवर होतात. म्हणालात, मले वाटलं दम खायले बसल्या."

त्यांनी तोंड तळ्याकडं वळवलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"दोन दिवाळ्या झाल्या." मग घाईनं म्हणाले, "पण पाखरू एकबी चुकलं नाही, बाई."

"माणूस चुकलं ना, काका."

"मी सही नाही करू शकत," ती शेवटी म्हणाली.

"हाव. नको करू."

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पुढं धरलं. हात भलतीकडंच गेला होता. प्राची दोन पावलं सरकून त्या हातासमोर आली आणि तिनं ते घेतलं.

काठावरून हाक आली, "काका, लवकर या! हा पांढरा कोणता?"

उकंडरावांनी कान दिला. पाखरू गप्प होतं.

"मॅडमले इचारा," ते म्हणाले.