प्राप्तिकर आणि आमचा पाच दिवसांचा गणपती

अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करण्यात येते की, गेल्या जुलैमधल्या एका रविवारी सकाळी मी श्रीमंत झालो. ही श्रीमंती दुपारच्या जेवणाआधीच संपली. पण मधल्या वेळात आईच्या पाटल्या मोडायच्या बेतात होत्या, घरचा गणपती पाच दिवसांवरून दीड दिवसावर आला होता, आणि बायकोनं माझ्याकडे चक्क आदरानं पाहिलं होतं! (एवढं शेवटचं टिकलं असतं तर माझी काही हरकत नव्हती.)

त्याचं झालं असं. पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. दिवाळी झाली आणि कारखान्याला कुलूप लागलं. मालक कुठे गेले कुणास ठाऊक. हिशेबनीस बेळगावला घरी परतले, आणि त्यांचा फोन बहुधा वाटेतच चोर्ला घाटात पडला, कारण तो नंतर कधी लागलाच नाही. मला डिचोलीत ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी मिळाली आणि मी जुना कारखाना विसरून गेलो. जुलैत रिटर्न भरायला बसलो तेव्हा आठवण झाली. जुन्या पगाराचा फॉर्म सोळा, म्हणजे पगार किती दिला आणि त्यातून कर किती कापला हे सांगणारा कागद, माझ्याकडे नव्हता. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तर त्या कारखान्याचा मागमूसही नव्हता.

दुसरा कुणी असता तर सरळ एखाद्या कर सल्लागाराकडे गेला असता. पण आमच्या वाड्यावरचा, या छोट्या वस्तीवरचा, कर सल्लागार म्हणजे मीच! (ही पदवी मला कुणी दिली ते आठवत नाही. बहुधा मीच घेतली.)

"फॉर्म नसला म्हणून अडतंय कुठे?" मी ऐटीत म्हणालो. "अंदाज बांधायचा. एक पगाराची स्लिप असली की पुरे."

"एक तरी खंयची?" माझी बायको सुलभा नारळ खवता खवता म्हणाली. "सगळ्यो तुमीच फाडून टाकलास मां?"

खरं होतं. पगाराची स्लिप पाहिली की मला वाईट वाटायचं, म्हणून मी ती ताबडतोब फाडायचो. पण एक मात्र कपाटात जपून ठेवली होती. तिच्यावरचा आकडा बघायला बरा वाटायचा! वरच्या कोपऱ्यात तेलाचा मोठा डाग पडून महिन्याचं नाव आणि त्याखालचा पगाराचा तपशील दिसेनासा झाला होता. जाईना का! मला आकड्याशी काम.

कारखान्यात मी त्या आर्थिक वर्षात एप्रिलपासून आठ महिने काढले होते. स्लिपवरचा पगार गुणिले आठ. त्यात डिचोलीचा पगार मिळवला. बेरीज पाहून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

"सुलभा, अगो मी केवढे पैसे मिळवले बघ!"

तिची खवणी थांबली. तिनं आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. हाच तो आदर! मग तिनं विचारलं, "आनी ते गेले खंय?"

या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून मी कापलेल्या कराकडे वळलो. स्लिपवर कराच्या रकान्यात शून्य होतं. शून्य गुणिले आठ, शून्य. (हे एक गणित मात्र माझं बिनचूक होतं.) म्हणजे उत्पन्न डोंगराएवढं, कापलेला कर शून्य, आणि सगळा कर आता माझ्या बोकांडी, वर व्याज!

"मेल्यांनी कर कापूकच नाय!" मी किंचाळलो. "विसारले!"

आई देवघरातून धावत आली. "रे झिला, काय जाला?"

"सरकारक पैसे भरूचे आसत."

"कितके?"

मी आकडा सांगितला. तिनं हातातली पाटली सोडवायला घेतली.

"आई, पाटल्यांक हात लावू नका!" सुलभा ओरडली. मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. घरातल्या कर्त्या पुरुषानं काहीतरी बोलायला हवं होतं.

"खर्च कमी करूया," मी म्हणालो. "ह्या वर्सा गणपती दीड दिसाचो. माटोळीक रानातली फळां नको, बाजारची दोन तवशीं टांगूया." (माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, आणि तवशीं म्हणजे साध्या काकड्या.)

बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, तर मी दचकलो. आमचा गणपती आजोबांच्या आधीपासून पाच दिवसांचा. आईनं पाटली परत वर सरकवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "दीस कमी करूचे तर देवाक सांगूक व्हया. बाबलोकाकाक बोलाव."

बाबलोकाका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. वाड्यावर गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळी हकिकत मोठ्यानं मांडायची, आणि दर वाक्याला घरच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून साक्ष द्यायची. काकांनी टोपी घातली, नारळ ठेवला आणि पुरावा म्हणून माझी स्लिप हातात घेतली.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराचो फॉर्म सोळा हरवलो आसा!"

"होय म्हाराजा!"

"कारखान्यान तेचो कर कापूक नाय!"

"होय म्हाराजा!"

"तेका म्हयन्या म्हयन्याक," काकांनी चष्मा सारखा करून आकडा वाचला, "इतको मोठो पगार मेळी होतो!"

"होय म्हाराजा!" आई म्हणाली. मी म्हणालो. सुलभा गप्प.

"होय म्हण गो," काका पुटपुटले.

"कसा म्हणू? देवासमोर खोटा कसा बोलू?" सुलभा उसळली. "घर मी चलवतंय! इतको पगार ह्या घरात एकदाच इलो, चतुर्थीच्या म्हयन्यात! बोनस, जादा पाळीचे पैसे, थकलेलो फरक, सगळो एकठय!" तिनं स्लिप ओढून माझ्या नाकाला लावली. "वास घेवा! माझ्या नेवऱ्यांचा तेल ह्या!"

जवळजवळ वर्ष झालं होतं, तरी तळलेल्या करंज्यांचा वास येत होता.

काकांनी टोपी मागे सारली. "म्हणजे ह्याच्या हिशोबान गणपती वर्सातून आठ वेळा इलो?"

मी पासबुक आणायला पळालो. ते त्याच कपाटात होतं, स्लिपच्या बरोबर खाली! एकेक नोंद वाचत गेलो, फंडाची कपात मिळवत गेलो, आणि माझी श्रीमंती डोळ्यांदेखत वितळत गेली. शेवटची बेरीज कर सुरू होतो त्या रेषेच्या कितीतरी खाली बसली. भरायचा कर शून्य! कारखाना काही विसरला नव्हता. कर कापण्याएवढा पगारच मला नव्हता! गरीब झाल्याच्या आनंदात मी आईला मिठी मारली. पेडणे तालुक्यात असा माणूस माझ्याआधी झाला नसेल.

"पण गाऱ्हाणा अर्ध्यार रवला मरे," काका म्हणाले. "ता पुरा करूक व्हया."

आम्ही पुन्हा हात जोडून उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा! तू आमच्याकडे पाच दिसांचोच आसस!"

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकराक कर नाय, कारण तेका पगारच तसो नाय!"

"होय म्हाराजा!"

"पगार कमी आसा तो आसा, पण तेची अक्कल पगारापेक्षाय कमी आसा!"

मी तोंड उघडायच्या आत, खोबऱ्याचे हात तसेच जोडून, सुलभा वाड्याभर ऐकू जाईल अशी ओरडली, "होय म्हाराजा!"