मेणातली माणसं

मी पोशीरहून निघाले तेव्हा आईने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं की पोरगी जर्मनीला मेणाच्या कामाला चाललीय. टेंपोत बॅगा चढत होत्या आणि शेजारची काकू मला बाजूला घेऊन विचारत होती, मेणबत्त्या करायला एवढ्या लांब कशाला जायचं? मला हसू आवरेना. आईने मात्र कडव्या वालांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि तोंड फिरवलं.

मेणाचं काम हे खोटं नव्हतं, अर्धंच होतं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवला की वर्षानुवर्षं टिकतो. त्याचे पातळ पापुद्रे माझ्या टेबलावर येतात. मी आधी मेण उतरवते, मग ते बफरच्या खारट द्रावणात तापवत ठेवते. फॉर्मलिनने जखडलेली प्रथिनं हळूहळू सुटी होतात आणि त्यांवरून आजाराचा माग काढता येतो. परसात बसून वाल सोलणारी मी आता हे करते, याची मला अजून गंमत वाटते.

मेणात माणसाचा तुकडा असतो हे आईला कळलं ते व्हिडिओ कॉलवर. तिने फोन बाबांच्या हातात दिला. आमच्याकडे मयताला जाऊन आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि माझं तर हे रोजचंच. पहिल्या सुट्टीला घरी निघाले तेव्हा वाटभर एकच धाकधूक होती, आई मला चुलीपाशी येऊ देईल का?

पोचले तर मागच्या दारी पाण्याचा हंडा तापत होता. म्हणजे आधी आंघोळ, मगच घर. बॅग खाली ठेवून मी तिथेच सगळं सांगून टाकलं. ज्यांचे तुकडे येतात ते सगळेच काही गेलेले नाहीत, कितीतरी बरे होऊन घरी परतले असतील. आम्हाला नावं कळत नाहीत, नुसता नंबर असतो. आईने हंडा उतरवला. मग म्हणाली,

"जे गेलं त्यांच्यासाठी आंघोळ कर गं. आनि जे बरं झालं त्यांच्यासाठी गोड खा. सांदण केलंय."

आंघोळ करून मी थेट चुलीपाशी, तिच्या मांडीला मांडी लावून बसले आणि पोट फुटेस्तोवर सांदण खाल्लं. बाबा म्हणाले, बरे झालेले लई दिसतात.

तुम्ही गावी राहिलेले विचारता, तिथं करमतं का? आमच्यासारखे बाहेर पडलेले विचारत नाहीत, त्यांना ठाऊक असतं. करमतं मला. लॅबमधून आले की आधी आंघोळ, मग गुळाचा खडा. लॅबमधली मैत्रीण पूर्वी हसायची, आता स्वतःच खडा मागून घेते.

आईचा फोन रोज येतो. जेवलीस का, असं ती विचारत नाही.

"आंघोळ झाली का गं?"

"झाली."

"आनि गोड?"

तोंडात गूळ असतो, म्हणून मी नुसतं हं करते, आणि तेवढ्यात पोशीरचा उंबरा ओलांडून आईच्या घरात आलेली असते.