कवठ आणायला जळगाव, टप्पा पाहायला भडगाव

अँटिबायोटिक्सचा लांबलचक कोर्स संपला, आईचा ताप गेला आणि जाताना भूकही घेऊन गेला. पोट बिघडलेलं, तोंडाला चव नाही. ताट समोर आलं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. नातेवाइकांनी फोन करकरून डोकं खाल्लं, कवठ दे, प्रतिकारशक्ती वाढते, आतडी सुधारतात! डॉक्टर म्हणाले, "जादू काही नाही. पिकलेल्या कवठात चोथा असतो, पोटाला बरं. चटणी थोडी देऊन बघा, पण औषधं थांबवू नका." आईला विचारलं. ती भिंतीलाच म्हणाली, "आण."

धुळ्यात मला धड कवठ मिळेना, म्हणून सकाळची जळगावची एसटी धरली. महामार्ग आता ऐसपैस झालाय, पण एसटी प्रत्येक फाट्यावर थांबायची ती थांबतेच. जाणार असाल तर पाणी सोबत ठेवा आणि खिडकी आधी उघडून बघा, माझी उघडलीच नाही.

जळगावच्या बाजारात कवठं होती. विक्रेता म्हणाला, "ताई, वास घेऊन निवडा." मला कोण शिकवणार! मी सफरचंदासारखी टणक, देखणी कवठं वेचून पिशवी भरली. मग भरीत-भाकरी खाल्ली. भरीत झकास होतं आणि तेवढा अर्धा तास मी कुणावरही चिडले नाही.

परतीला वाट वाकडी करून भडगावला उतरले. तिथे आईची थोरली बहीण राहते, आम्ही तिला अक्का म्हणतो. पिशवीत हात घालून तिने एक कवठ उचललं आणि सरळ फरशीवर टाकलं. ते टणकन उडालं.

"हाई कच्चं शे!" अक्का म्हणाली. दुसरं टाकलं, तेही उडालं. "बठ्ठा कच्चा शेतस, पोरी. पिकेल कवठ उडत नही."

"सगळीच कच्ची? आता काय करू?" मी जवळजवळ ओरडलेच.

"गहूमा दाबी ठेव. तुनी मायले माहीत शे बठ्ठं."

म्हणजे एवढी पायपीट करून मी माझ्या आजारी आईसाठी वाट बघणं विकत आणलं होतं. पारोळ्यापर्यंत मी स्वतःशीच भांडत होते.

घरी येऊन कवठं गव्हाच्या डब्यात पुरली. सकाळी स्वयंपाकघरातून टक्क असा आवाज आला. बघते तर आई उठून उभी! एका हाताने ओटा धरलेला आणि फरशीवर कवठ उड्या मारतंय. नंतर रोज सकाळी तोच आवाज. फरशीचा टवका उडाला, माझी झोप उडाली. कवठाने आतडी सुधारतात का, मला विचारू नका, अजून कुणी चाखलेलंच नाही.

आज पुन्हा आवाज झाला.

"पिकलं?" मी वैतागून विचारलं.

"कुठलं! तुला मेलं एक फळ निवडता येत नाही." आई खुर्चीत टेकली. "आणि ते पिकेपर्यंत मी काय उपाशी बसू? भाकरी टाक."