काकांकडे दिलेली माळ

आमच्या काकांकडे गाठवायला दिलेली माळ वेळेवर परत मिळाली, असं सांगणारा माणूस अख्ख्या भोर संस्थानात सापडला नसता. काका म्हणजे माझे चुलत सासरे. आमच्या शेजारच्याच घरात एकटे राहायचे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेली, मूलबाळ नाही, आणि धंदा पटवेकऱ्याचा, म्हणजे रेशमी दोऱ्यात मणी ओवून दागिने गाठवायचे. अकीक, गोमेद, स्फटिक, पिरोजा, काळापांढरा सुलेमानी. ज्यांना सोनं परवडत नसे त्यांची सगळी हौस काकांच्या पेटीत यायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची.

मण्यांना स्वभाव असतात अशी त्यांची खात्री होती. “सुलेमानी तिरसट. स्फटिकाशेजारी बसवला की दोरा कुरतडतो,” असं ते गंभीरपणे सांगत आणि गिऱ्हाइकानं लावून दिलेली रांग मोडून आपल्या मर्जीनं मण्यांच्या सोयरिकी जुळवत. खरा दगड ओळखायला मणी गालाला लावायचे. दगड गार लागतो, काच लवकर कोमट होते. ही परीक्षा घेताना त्यांना स्थळकाळाचं भान नसे. माझ्या लग्नात पंगत बसायच्या वेळी त्यांनी माझ्या आईची माळ मागून घेतली, गालाला लावली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “विहीणबाई, काच आहे हो ही. पण काच मोठी झकास आहे!” आई त्यानंतर भोरला यायचं नाव काढेना. आपण एवढं कौतुक केलं तर बाईंना राग का यावा, हे काकांना मात्र कधीच उमगलं नाही.

काम करताना दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं असे, त्यामुळे उठता येत नाही ही कायमची सबब. माळेची चौकशी करायला आलेल्या माणसानं आधी चुलीवरचा चहा उतरवायचा, मग मांजर हाकलायचं, मग समोर बसून आपल्या गावची सगळी खबर सांगायची. एवढं झाल्यावर काका म्हणत, “झालीच आहे. पुढच्या बाजारी या.” पुढच्या बाजारी पुन्हा चहा, पुन्हा मांजर. सासूबाई चिडून म्हणत, “भावोजी, दुपारभराचं काम तुम्ही वर्षभर पुरवता!” काका दोरा पिळत म्हणत, “घाईनं मारलेली गाठ सुटते, वहिनी.”

अशीच एक धनगरीण यायची. राजगडाखालच्या पाली गावाच्या वर, माळावर तिची वस्ती होती. सासूनं दिलेली लाल अकीकाची माळ दोरा तुटला म्हणून तिनं काकांकडे दिली होती. लेकीच्या लग्नात ती लेकीच्या गळ्यात घालायची होती. दर बाजारी बाई एवढी डोंगरवाट तुडवून यायची, शेरडांच्या गोष्टी सांगायची आणि रिकाम्या हातानं परत जायची. लग्नाआधीच्या शेवटच्या बाजारी काका पुन्हा म्हणाले, “झालीच आहे.” मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. बाईनं कप खाली ठेवला.

“दादा,” ती शांतपणे म्हणाली, “लगीन तोंडावर आलंय. तुमास्नी बोलायला माणूस पायजे, तर तसं सांगा. म्या येत जाईन. माळ कशापायी अडवून ठिवताय?”

काकांनी अंगठ्याचा दोरा सोडला. गिऱ्हाइकासमोर ते उठलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पेटीतून त्यांनी फडक्यात बांधलेली माळ काढून दिली. माळ पुरी झालेली होती. कधीचीच झालेली असणार. फडक्यावर धूळ होती. बाईनं एकेका मण्यावरून बोट फिरवलं. “लई देखणी झाली,” म्हणाली, आणि निघायच्याऐवजी पुन्हा खाली बसली. “आता आनखी घोटभर च्या द्या.”

त्यानंतर काकांनी पेटीच उपडी केली. बहुतेक माळा तयारच होत्या, मी कधीकाळी गाठवायला दिलेलीसुद्धा. ज्याची त्याला पोचती झाली. आता दिलेलं काम सांगितल्या दिवशी मिळू लागलं, गावानं वाहवा केली, आणि काकांचा ओटा ओस पडला. माळ हातात पडल्यावर थांबतो कोण?

धनगरीण मात्र बोलल्याप्रमाणे येत राहिली. काम काही नसायचं. बाजाराच्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून बसत. काकूंचं नाव त्यांनी आमच्यापुढे कधी काढलं नव्हतं. तिच्याशी काकूंबद्दल बोलताना मी त्यांना ऐकलं.

मग एका थंडीत ती यायची थांबली. काही बाजार वाट पाहून काका, जे कधी भोरची वेस ओलांडत नसत, ते चालत पालीला गेले. दुसऱ्या दिवशी परतले ते थेट आमच्या अंगणात उभे राहिले.

“तापानं गेली, वहिनी,” ते म्हणाले. “लेक माहेरी आलेली, गळ्यात माळ होती. म्हटलं, दोरा सैल झाला असेल, दे, गाठवून देतो. तिनं ओढून दाखवला. म्हणाली, न्हाई मामा, लई घट्ट हाय.”

एवढं बोलून ते आपल्या घरी गेले.

थोड्या दिवसांनी दुपारचे पुन्हा आमच्या दारात आले. “काय काम काढलंत, भावोजी?” सासूबाईंनी विचारलं.

“काम काही नाही. थोडा वेळ बसावं म्हटलं.”

सासूबाईंनी पाट मांडला. काका बसले. दोरा नसलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. गुडघ्यावर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. सासूबाईंनी सूप बाजूला सारलं आणि हळूच विचारलं, “पाली फार लांब आहे का हो?”

“लांब आहे,” काका म्हणाले. “पण वाट चांगली आहे.” आणि ते वाटेबद्दल सांगू लागले.