वीस पैशांचं कमळ

मुलगी झाली त्या आठवड्यात दवाखान्याबाहेरच्या औषधाच्या दुकानातून सुट्ट्या पैशांत एक कोरं करकरीत रुपयाचं नाणं आलं. त्यावर तेच साल होतं. मी ते खर्चलं नाही, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिलं. पुढे वाटलं, हिचं आहे तर बाकीच्यांचं का नको? म्हणून मग घरातल्या प्रत्येकाच्या जन्मसालाचं नाणं शोधायला लागले.

माझं माहेर खडकीचं, कारखान्याच्या क्वार्टर्समधलं. लग्न होऊन मी हडपसरला आले ते शेतकरी घरात. शेती तेव्हाच आवरत आली होती आणि आता तर आमच्या मळ्यात इमारती उभ्या आहेत. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा शेती सांभाळून जवळच्या एका कंपनीत कामाला होते. फारसं न बोलणारा माणूस. भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगायचे नाहीत, पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे, त्यावरून आम्ही ओळखायचं.

रविवारी सवड मिळाली की मी जुन्या बाजारात जायचे. तिथे एक चाचा चादर अंथरून नाणी घेऊन बसत. पहिल्याच दिवशी मी फार घासाघीस केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, जन्म एकदाच होतो. त्यात कसली कसर करता?" मी निमूटपणे घेतलं. मामांसाठी भोकाचा पैसा त्यांच्याकडेच मिळाला. मोठ्या दिरांसाठी वीस पैशांचं पिवळं नाणं, कमळाचं. त्यात सोनं असतं अशी एके काळी आवई होती, त्यामुळे पुष्कळ बायकांनी ती डब्यात दडवून ठेवली होती. आत्यांचं मात्र राहिलं. त्यांचं जन्मसाल कुणालाच ठाऊक नव्हतं. अंदाजाने एखादं घेऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "खोटं कशाला लावायचं? माझं न्हाई म्हून काय अडतंय?"

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी नाण्यांची पेटी उघडून बसले होते. नवरा पेपर वाचत होता, मामा पलंगावर आडवे झाले होते. आत्या भांडी घासून, हात पुसत आल्या आणि शेजारी बसल्या. एरवी माझ्या या उद्योगाकडे त्या ढुंकून बघत नसत. त्यांनी कमळाचं नाणं उचललं.

"हे थोरल्याचं?"

"हो."

"त्येच्या आधीचं कुठाय?"

"त्याच्या आधी मामाच की. भोकाचा पैसा."

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीचं."

नवऱ्याने पेपर खाली घेतला. त्याला बहीण होती हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

आत्या नाण्याकडे बघतच बोलत होत्या. दोन्ही मुलांच्या आधीची ती मुलगी. रांगायला लागली होती. चुलीपाशी यायची म्हणून तिच्यापुढे पाट आडवा लावून ठेवायच्या, तर पाटाला धरून उभी राहायला बघायची. दोन रात्री ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडीवरच गेली.

"तिचं जन्मसाल कुठलं, आत्या?" मी विचारलं.

"मला काय कळतंय सालातलं? ह्यांना इचारा. ह्यांना तरी काय ठावं असणार. पोरीला मातीत ठिवून आले आन् डबा घिऊन कामावर गेले."

त्या चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. भाजी आणायची राहिली असं सांगावं तसं बोलल्या. पण एवढी वर्षं हे त्यांच्या आत तसंच्या तसं होतं, हे आम्हाला कळलं.

पलंग करकरला. मामा उठून बसले.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "कंपनीत लागलो त्याच साली."

मला वाटलं, झालं. तेवढ्यात ते पुन्हा म्हणाले, "मी त्या दिवशी कामावर गेलो न्हवतो."

आत्यांनी मान वर केली. "डबा न्हेला हुता की."

"न्हेला हुता. गेटापतूर गेलो. पाय उचलंना. मागं फिरून कॅनॉलवर बसलो, शिफ्ट सुटंपतूर. मग घरी आलो."

"आन् डबा रिकामा हुता त्यो?"

"कुत्र्याला घातला."

माझा नवरा उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर रिक्षावाल्यांचे हॉर्न चालले होते. आत्या मामांकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगायचं न्हाई व्हय?"

"तू भिताडाकडं तोंड करून निजली हुतीस. काय सांगायचं?"

एवढंच. आत्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता त्या दार लावून घेतील. पण थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या, आणि आधी मामांच्या हातात कप दिला. मग त्यांच्याच पलंगावर, पायथ्याशी, टेकून बसल्या.

अडुसष्टचं कमळ सहजी मिळालं नाही. चाचांच्या ढिगात बाकीची सालं निघत, नेमकं हेच नसायचं. कुणासाठी हवंय हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्यानंतर ते मी यायच्या आधीच ढीग चाळून ठेवायला लागले. पावसाळा सरता सरता त्यांनी एक घासलेलं नाणं कागदात गुंडाळून माझ्यापुढे धरलं. ते आणल्यावर आत्यांनी चिंचेने घासून लख्ख केलं. जाणकार म्हणतात जुनी नाणी घासू नयेत. मी घासू दिलं.

त्यानंतर संध्याकाळी पलंगावर दोघांचं हळू आवाजात बोलणं कानावर येई. तिचे केस कसे होते, हाक मारली की कशी बघायची. मामांना आत्यांपेक्षा जास्त आठवत होतं. एकदा नवरा मधेच विचारून बसला, "माझ्यासारखी दिसायची का?" तर आत्या म्हणाल्या, "तुझ्यापरीस बरी हुती," आणि मामा हसले.

थंडीत आत्यांचे गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने वेळ जावा म्हणून चौकशी सुरू केली. गाव कुठलं, सून करते का नीट, मुलं किती.

"तीन," आत्या म्हणाल्या. "थोरली पोरगी. मग दोन पोरं."

"मुलगी कुठे दिलीय?"

"ल्हान हुती तवाच गेली," आत्या म्हणाल्या. त्या बाईने चुकचुकून त्यांच्या हातावर हात ठेवला. आत्यांनी तो तसाच राहू दिला.