खिशातला फोन, घरातली पाटी

दुसरबीडच्या फाट्यावर मोबाइलचं एक दुकान आहे. तिथला दुकानदार एखाद्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मोठ्या स्क्रीनचा फोन मारायला निघाला की माझा दाखला देतो.

"आपले काकाच पाहा ना. टॅबलेट घ्याले आले होते. म्या म्हटलं, काऊन दोन-दोन सांभाळता? हा मोठा फोन घ्या. आज नवरा-बायको दोघायचं त्याच्यातच भागून राह्यलं. इचारा त्याइले."

मी शेजारच्या टपरीवर चहा पीत असतो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि मी मान हलवतो. "हाव, काहीच अडत नाही." माझ्या या एका मानेवर त्याने किती फोन खपवले असतील, देव जाणे. ती मान खोटी होती. दुकानदार पोटासाठी बोलतो, त्याला काय बोलायचं? मला तर त्यातून चहासुद्धा फुकट मिळत नव्हता.

टपरीवर या विषयातले पंडित बसतात. साडेसहा इंच बरे की सात, यावर घरातलं भांडण असल्यासारखे आवाज चढतात. यातल्या एकाने एकदा फोन उभा धरला आणि म्हणाला, "हा फोन." मग आडवा केला. "आन् हा झाला टॅबलेट. खर्च संपला!" सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोसमोर मी तसाच फोन आधी उभा, मग आडवा करून दाखवला. ती हसली नाही.

माझ्या बायकोला ऐकू येत नाही. लग्नात येत होतं, चाळिशीनंतर कमी होत गेलं आणि आता जवळजवळ काहीच नाही. तिच्या थोरल्या बहिणीचंही तसंच. ती जानेफळला राहते. बायकोची थोरली बहीण म्हणजे आमच्याकडे आकडसासू. तिच्याशी थट्टा करायची नाही, आवाज चढवायचा नाही, सासूइतकाच मान. या दोघींची आई जन्मतःच मुकी-बहिरी होती. त्यामुळे दोघी लहानपणी तोंडाच्या आधी हातांनी बोलायला शिकल्या. पुढे कान गेले तेव्हा मला वाटलं, आता यांचं बोलणं संपलं. पण त्या निवांत आपल्या आईच्या भाषेत परत गेल्या.

मी नोकरीभर मेहकरच्या बसस्थानकात भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. माझा आवाज बाजारपेठेपर्यंत जायचा. माझ्या मुक्या सासूने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माईकसमोर उभा होतो. तिने मूठ वळून तोंडासमोर धरली, आणि त्यांच्या भाषेत तेच माझं नाव पडलं. बस म्हणजे घंटीची दोरी ओढायची. मेहकर म्हणजे दोन्ही तळवे जोडून डोक्याच्या वर, देवळाचा कळस. यापलीकडे मी त्या भाषेतलं काही शिकलो नाही. गरज काय होती? मला बोलता येत होतं.

जानेफळला आकडसासूच्या नातवाच्या शिक्षणासाठी घरात एक टॅबलेट आला. तो डाळीच्या डब्याला टेकवून ती माझ्या बायकोला व्हिडिओ कॉल करू लागली. इकडे आमच्याकडे माझा जुना, लहान फोन. पहिल्याच दिवशी आकडसासूने तिकडून दोन्ही हात जोडून जय भीम केला आणि इकडे माझी बायको फोन हातात धरून अडकून बसली.

"हात जोडाचे त फोन कुठी ठेवू?" तिने मला विचारलं. ऐकू येत नसल्याने तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिलेला नाही, ती नेहमी मोठ्यानेच बोलते. "मले ताईसारखी पाटी पाहिजे. बोलाले मले दोन हात लागतात."

टॅबलेटला ती पाटी म्हणते. आम्ही शाळेत जी गळ्यात अडकवून नेत होतो, ती.

मुलगा पुण्याला असतो. तो लगेच म्हणाला, "बाबा, आईसाठी टॅबलेट घेऊन टाका, पैसे मी पाठवतो." मी फाट्यावर गेलो. टपरीवर सांगितलं, टॅबलेट घ्यायचाय. "कोन्या दुखन्याची?" एकाने विचारलं, आणि तो विनोद संध्याकाळपर्यंत पुरला. मग पंडितांनी माझा वर्ग घेतला. टॅबलेट खिशात मावत नाही, म्हातारपणी कुठे मिरवता, चार दिवसांत पोरं फोडतात. आमच्या घरात पोरं नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. खरं सांगायचं तर मला कुणी समजवायची गरजच नव्हती. दुकानातला तो मोठा, काळा, चकचकीत फोन मला स्वतःला हवा होता. मुलाला मी कळवलं, "तुझ्या आईला ते टॅबलेट जमत नाही. जड होतं. तिनंच मोठा फोन घ्या म्हटलं." तिने असं काही म्हटलं नव्हतं. मुलगा अजूनही तेच खरं समजून आहे. त्याने हे वाचावं.

नवा फोन घरी आला. डब्याला टेकवला की घसरायचा. आडवा ठेवला तर चेहरा दिसे पण हात चौकटीबाहेर. लांब ठेवला तर हात दिसत, पण बहीण करंगळीएवढी. टपरीवरचे इंच इथे कुणाच्या कामाला आले नाहीत. मी दोन-तीन दिवस फोन धरून बसलो. त्या दोघींचं संपायचं नाव नाही. माझा हात भरून आला, आणि त्या काय बोलतात हे कळत नसल्याने कंटाळाही आला.

पण खरी अडचण आकाराची नव्हतीच. फोन खिशात बसतो, याचंच तर सगळ्यांना कौतुक होतं. आणि खिसा माझा होता. दुपारचा चहा झाला की मी फाट्यावर जायचो, खिशातून फोनही फाट्यावर यायचा. आकडसासूची फोन करायची वेळ नेमकी तीच, एरवी टॅबलेट नातवाकडे. घरी माझी बायको नुसत्या डब्यासमोर बसलेली असायची.

असाच एकदा टपरीवर फोन वाजला. मी विचार न करता उचलला. स्क्रीनवर आकडसासू. तिने आधी हात जोडले, मग मूठ तोंडासमोर धरून भुवया उंचावल्या. म्हणजे, तुम्ही? ती कुठंय? मग भराभर हात चालू झाले. ती स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन, डोळे बारीक करून काहीतरी विचारत होती. मागून दोन-तीन डोकी माझ्या खांद्यावर वाकली.

"काय बे हे? कोन नाचून राह्यली?"

"काकाचा सिनेमा चालू आहे!"

एकाने तिच्यासारखे हात हवेत नाचवून दाखवले. सगळी टपरी हसली. ही माझी आकडसासू आहे, तिला ऐकू येत नाही, तोंड सांभाळा, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? आवाज तर माझा बाजारपेठेपर्यंत जायचा. मीही हसलो. कसनुसं, पण हसलो. आणि लाल बटण दाबलं.

त्यानंतर त्या वेळी फोन वाजला की मी न उचलताच कापू लागलो. घरी बायको विचारायची, "ताईचा फोन आला?" मी मान हलवायचो. नाही. हीच ती दुकानासमोर हलणारी मान.

मग जानेफळहून आकडसासूच्या सुनेने साधा फोन केला. "काकाजी, मावशी रागावल्या का आमच्या आत्याबाईंवर? लग्नातल्या लुगड्यावरून?" आत्याबाई म्हणजे तिची सासू. त्यांच्या घरच्या एका लग्नात माझ्या बायकोला आहेराचं लुगडं जरा साधं मिळालं होतं आणि त्यावर बायको घरी येऊन दोन वाक्यं बोलली होती. ते मी असंच कधीतरी या सुनेजवळ बोलून गेलो होतो. आता ती आयतीच वाट सापडली. मी म्हणालो, "काय सांगू. सध्या तिचं बोलायचं मन नाही." इकडे बायकोनेच एक दिवस स्वतःहून म्हटलं, "लुगड्याचं ताईच्या कानावर गेलं वाटते. रुसली ती." मी तेही तसंच राहू दिलं. एका लुगड्यावरून दोन्ही बहिणी एकमेकींवर रुसल्या आहेत असं दोघींनाही वाटत होतं. रुसलं कुणीच नव्हतं. मधे फक्त मी होतो, मोठ्या स्क्रीनचा.

असं वर्ष गेलं. मग सुनेचा पुन्हा फोन आला. साखरेमुळे आत्याबाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, दिसणं कमी होत चाललंय, डॉक्टर म्हणतात गेलं ते परत येत नाही. मावशीला एकदा आणा.

आम्ही जानेफळला गेलो. आकडसासूने माझ्या बायकोचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नाकाला नाक लागेल इतका जवळ घेऊन पाहिला. मग मागे सरून हातांनी बोलू लागली. तिने मूठ तोंडासमोर धरली, म्हणजे मी. मग पेला तोंडाला लावला. मग खांद्यावर वाकणारी डोकी, हसणारी तोंडं, आणि तिची नक्कल करणारे हात, सगळं जसंच्या तसं. शेवटी एक बोट दाबलं. मला ती भाषा येत नाही, पण त्यातला एकही शब्द मला अडला नाही. त्या दिवशी बटण दाबेपर्यंत तिने सगळी टपरी पाहिली होती. उरलेलं सुनेने उलगडून सांगितलं. आकडसासू वर्षभर समजत होती की बहिणीच्याच सांगण्यावरून मी फोन कापतोय. आणि स्क्रीनजवळ येऊन ती त्या दिवशी विचारत होती ते डोळ्यांचंच होतं. माझं हे असं होतंय, तिलाही होतंय का?

बायको माझ्याकडे वळली. सून म्हणाली, "काकाजी, काय झालं होतं?" मी म्हणालो, "रेंज नव्हती."

परतीच्या गाडीत आम्ही मधल्या बाकावर बसलो होतो. गाडी भरलेली. कंडक्टर माझ्या वेळचा, तिकिटं फाडत जवळ आला होता. बायको खिडकीबाहेर बघत, तिला वाटत होतं हळू आवाजात, म्हणाली,

"माह्या बहिणीचे फोन तुम्ही कापत होते."

पुढच्या बाकापर्यंत सगळी डोकी वळली.

"लोकायनं तिची नक्कल केली आन् तुम्ही हासले."

"काय झालं साहेब?" कंडक्टरने विचारलं. मी बायकोला हळू बोल म्हणून खूण केली.

"आता तिले दिसत नाही. वर्षभर दिसत होतं, तवा तुमच्या खिशात होती ती."

मला काही बोलायचं होतं. पण तिला ऐकू येत नव्हतं आणि चुकलो हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मला बस म्हणता येत होतं आणि मेहकर म्हणता येत होतं. मेहकर आल्यावर दुसरबीडची गाडी धरायला आम्ही बसमधून उतरलो, एवढंच.

शेजारणीच्या सुनेकडून तिने मुलाला स्वतः निरोप टाकला आणि पाटी आली. ती आमच्या स्वयंपाकघरात फळीवर उभी असते. तिला कुणी खिशात घालू शकत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. टपरीवरच्या एकाही पंडिताने तो मोजलेला नाही. दुपारी दोघी बोलतात. आकडसासू पडद्याला इतकी चिकटते की कधी नुसतं कपाळ दिसतं, कधी एक डोळा. मी बाजूला, चौकटीबाहेर बसतो. मूठ तोंडासमोर धरणं आता बंद झालंय. आता त्या छातीवरचा खिसा थोपटतात आणि एक बोट दाबतात. तेच माझं नाव.

एका दुपारी मी उठून पाटीसमोर उभा राहिलो. खिसा थोपटला, बोट दाबलं, म्हणजे मी. मग दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. ते कुणालाही कळतं असं मला वाटलं. आकडसासूने डोळा पडद्याला लावला, मागे झाली, पुन्हा लावला. मग तळवा हलवला. कोण उभंय? दिसत नाही.

मी बायकोकडे पाहिलं. तू सांग तिला.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा."

म्हणून मी एकटाच जानेफळला गेलो. आकडसासू अंगणात खाटेवर बसली होती. जावयाने तिच्या जवळही बसायचं नसतं, पण मी खाली बसलो, तिचे दोन्ही हात घेतले आणि माझ्या खिशावर ठेवले. तिने लगेच ओळखलं, हात काढून घेऊ लागली. मी ते सोडले नाहीत. उचलून माझ्या दोन्ही कानांवर ठेवले.

सून दारात उभी राहून बघत होती. मग आकडसासूने दोन्ही कान घट्ट पकडले आणि असे पिळले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोडेल म्हणून मी वाट पाहिली. ती सोडेना. उजवा संपला की डावा, पुन्हा उजवा.

"आत्याबाई, राहू द्या!" सून ओरडली.

तिला कुठे ऐकू येत होतं.