गिरणीची मोटर आणि खुर्चीवर बसलेला बावा

ती घटना आजही आठवली की माझा आवाज आपोआप चढतो. घरचे म्हणतात, "झालं, साहेब पुन्हा ड्युटीवर गेले." म्हणू द्या. केसच तशी होती.

धडगाव ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. वरच्या एका पाड्यावर विजेचा भरवसा नव्हता. बायका धान्याची गाठोडी डोक्यावर घेऊन घाट उतरायच्या आणि पीठ घेऊन पुन्हा चढायच्या. लोकांनी स्वतः ठरवलेल्या छोट्या कामांना एक संस्था मदत देत होती. या बायकांनी गट करून सौरऊर्जेवरची पिठाची गिरणी मागितली. खोली पाड्याने आपल्या हातांनी बांधली आणि गिरणी सुरू झाली. होळी झाल्यावर संस्थेची माणसं पाहायला येणार होती. गिरणी चालताना दिसली तर शेजारच्या दोन पाड्यांनाही मिळणार होती. नेमकी होळीतच, सगळे नाचायला गेलेले असताना, मोटर चोरीला गेली.

संस्थेचा किंवा सरकारी माल गेला की फिर्यादी शोधून आणावा लागतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव. इथे सकाळीच अख्खा पाडा ठाण्याच्या आवारात हजर. गटाची अध्यक्ष चाळिशीची, खणखणीत आवाजाची बाई. पहाडात साहेबालाही 'तू' म्हणतात, मला ते आवडायचं.

"चोर मागून पकड," ती म्हणाली. "मोटर आधी आण. पावणे येतील तर काय दाखवू, रिकामी खोली?"

घटनास्थळाचा पंचनामा करताना एक गोष्ट पाहिली आणि मी खूश झालो. नटबोल्ट पान्याने नीट खोलून एका ओळीत ठेवलेले होते. तोडलेल्या वायरींच्या टोकांना टेप गुंडाळलेली होती. साधा चोर हिसकतो आणि पळतो. हा कारागीर होता, चोरी करतानाही त्याच्या हाताची सवय सुटली नव्हती. गिरणी बसवायला सपाटीवरून एक फिटर आला होता. त्याचा फोन बंद लागला, म्हणून घाटातल्या गाडीवाल्यांना त्याचं वर्णन कळवलं.

दुपारी एका काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरचा फोन आला. "साहेब, तो फिटर मन्ही गाडीमा बठेल व्हता. बाजारमा उतरना. पोलीसले देखं नी गायब."

लगेच घाटाच्या दोन्ही तोंडांना नाकाबंदी लावली. बाजारात मात्र मुंगीला वाट नव्हती. होळीचा नवस केलेले बावा टोळ्या करून फाग, म्हणजे होळीची खुशी, मागत फिरत होते. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू. एका टोळीत कितीतरी गावांचे बावा मिसळतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लपायला याहून चांगली जागा कोणती?

मी निरोप धाडला की साहेब ठाण्यात फाग देणार आहेत, सगळ्या टोळ्यांनी यावं. आणि आवारात खुर्च्या मांडायला सांगितल्या.

आमचे हवालदार तिथलेच. ते म्हणाले, "साहेब, नवसाचं पालन चालू असताना बावा खुर्चीवर, खाटेवर बसत नाहीत."

"म्हणूनच मांडा," मी म्हणालो.

पहिली टोळी आली, नाचली आणि जमिनीवर बसली. दुसरीही तशीच बसली. तिसऱ्या टोळीतला एक जण धापा टाकत आला आणि सरळ खुर्चीत टेकला. खाली बसलेले सगळे त्याच्याकडे बघत राहिले. अहो, मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण अंगावर खाकी होती, म्हणून फक्त मिशीवर हात फिरवला.

तोंड धुतलं तर फिटरच. तरी कबूल करेना. "फाग मांगी ऱ्हायनू साहेब. मोटर कसानी? माले काय मालूम?"

आरडाओरडा करून फार थोडी माणसं बोलती होतात. मी चहा मागवला आणि हवालदारांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कुणा अडाण्याचं काम दिसतंय. वायरी उघड्याच टाकून गेला. एखाद्या पोराला शॉक बसला असता."

तो ताडकन बोलला, "उघड्या नई व्हत्यात साहेब, टेप लायेल व्हती मी!"

त्याने मान खाली घातली. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. मोटर घाटाखालच्या एका वस्तीत, कडब्याच्या गंजीत होती. खापर गावाकडचं गिऱ्हाईक गाठायला तो बाजारात आला होता आणि पोलीस दिसताच राख फासून टोळीत घुसला होता. पंचांसमक्ष मोटर जप्त केली.

पण मुद्देमाल ठाण्यात अडकला तर बायकांच्या काय उपयोगाचा? मी स्वतः कागद घेऊन कोर्टात पळालो आणि सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, मोटर गटाच्या ताब्यात दिली. आता नवीनच पंचाईत. बसवणार कोण? पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार आणि फिटर माझ्या कोठडीत.

अध्यक्षबाई म्हणाली, "त्यालाच आण ना."

मोटर याच गिरणीची आहे हे पंचांपुढे जुळवून दाखवायचं होतंच. आरोपीला पाड्यावर नेलं. अख्खा पाडा भोवती आणि मधोमध तो, पाना हातात घेऊन. कुणी शिवी दिली नाही. मोटर फिरली. बाईने पहिलं पीठ चिमटीत धरून चोळलं आणि त्याला म्हणाली, "जाड येतंय. नीट कर." त्याने निमूटपणे दळणाच्या दगडाची पाळ आवळली. पुढच्या पिठाला तिने मान डोलावली आणि बायकांनी जो गलका केला, तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. शेजारच्या दोन्ही पाड्यांना नंतर गिरण्या मिळाल्या.

या केसने मला एवढं शिकवलं की वरून दिलेल्या वस्तूवर पहारा ठेवावा लागतो, आणि लोकांनी ठरवून मागितलेल्या वस्तूला पहारा लागत नाही. तिच्यासाठी माणसं ठाण्याच्या दारात उभी राहतात.

खटला उभा राहिला तेव्हा बाई साक्षीला आली. आरोपीच्या वकिलांनी तिला गोंधळवायला विचारलं, "गिरणी नक्की कुणाची? संस्थेची की सरकारची?"

तिने वकिलांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"आमची," ती म्हणाली. "तुला दळायचं असेल तर घेऊन ये."